सिटीकॉर्पचा मनोरा, रात्रीचं वेल्डिंग आणि आपला लक्ष्मी विलास

मांडवीचा_जावई

'बडोद्यात उंच इमारती हव्यात का' या धाग्यावर कलाभवनकाकांनी न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीचं नाव घेतलं आणि दोन ओळींत विषय सोडून दिला. पुढे तो धागा रिवाजाप्रमाणे पार्किंग आणि पाणीपट्टीवर गेला. गोष्ट मात्र सोडून द्यावी अशी नाही, म्हणून वेगळा धागा.

मॅनहॅटनमध्ये लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, ५३व्या आणि ५४व्या रस्त्यांच्या मध्ये, सिटी बँकेला आपलं नवं मुख्यालय बांधायचं होतं. तिथली जवळजवळ सगळी जागा विकत घेऊन झाली, पण एका कोपऱ्यावर सेंट पीटर्स हे लुथरन चर्च होतं, १९०५ पासूनचं. चर्चवाले काही अडाणी नव्हते. त्यांनी १९७१ मध्ये ९० लाख डॉलर घेतले आणि वर अट घातली: त्याच कोपऱ्यावर आम्हाला नवं चर्च बांधून द्या, ते तुमच्या इमारतीपासून सुटं हवं, आणि तुमचा एकही खांब आमच्या चर्चमधून जाता कामा नये.

आता कोपराच गेला, तर कोपऱ्यावरचा खांब कुठे देणार? वास्तुरचनाकार ह्यू स्टबिन्स आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझ्युरिए यांनी सगळी इमारतच उचलून धरली. खांब चार कोपऱ्यांवर न देता चार बाजूंच्या मध्यावर दिले, जवळजवळ ३५ मीटर म्हणजे नऊ मजले उंच, आणि मधोमध लिफ्टचा गाभा. त्याच्यावर बाकीचा मनोरा. एकूण ५९ मजले, २७९ मीटर. चारही कोपरे अधांतरी, आणि त्यातल्या एकाखाली चर्च. १९७७ मध्ये इमारत उघडली. माथा ४५ अंशांत तिरका कापलेला आहे, त्यावर सौर ऊर्जेची यंत्रणा बसवायचा बेत होता, तो काही जमला नाही. तिरका माथा राहिला आणि न्यूयॉर्कच्या चित्रांत ओळखीचा झाला.

खरी गोष्ट १९७८ ची. इमारत वापरात आल्यावर, माणसं रोज आत बसून काम करत असताना, लेमेझ्युरिएच्या लक्षात आलं की कोपऱ्याकडून तिरका वारा आला तर हिशेब बिघडतो. शिवाय पोलादाचे जे सांधे वेल्ड करायचे ठरले होते, ते पैसे वाचवण्यासाठी त्याच्याच कार्यालयाच्या संमतीने नटबोल्टचे झाले होते. त्याने मांडलेला आकडा असा: वीज जाऊन वरचं डोलणं आवरणारं यंत्र बंद पडलं, तर साधारण १६ वर्षांतून एकदा येणारं वादळ ही इमारत पाडू शकेल. मग ऑगस्टपासून रात्री, बँकेचे लोक घरी गेल्यावर, वेल्डर आत शिरायचे. दोनशेच्या वर सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या चढवल्या. पहाटे झाडलोट करून निघून जायचे. ऑक्टोबरपर्यंत काम उरकलं.

आणि हे जगाला कळलं १९९५ मध्ये. सतरा वर्षांनी!

ही गोष्ट सगळीकडे 'बघा, इंजिनिअर असावा तर असा' या चालीवर सांगतात. मला ती तशी पचत नाही. त्या इमारतीत काम करणाऱ्या, समोरच्या फुटपाथवर उभं राहून कॉफी पिणाऱ्या माणसाला का नाही सांगितलं? बोला.

---

दांडियाबाजारची_मी

वाचताना पोटात गोळा आला. पण एक कळलं नाही. वारा समोरून आला काय नि तिरका आला काय, वारा तेवढाच ना? उलट तिरका असेल तर अंगावरून निसटून जाईल असं वाटतं.

---

कलाभवन_सिव्हिल

ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. साध्या इमारतीत खांब कोपऱ्यावर असतात. तिरक्या वाऱ्याला तिथे कोपऱ्याचा खांबच सामोरा जातो, म्हणून बहुतेक वेळा सरळ वाऱ्याचा हिशेब पुरतो. त्या काळी न्यूयॉर्कच्या नियमांतही सरळ वाऱ्याचाच हिशेब मागत.

सिटीकॉर्पमध्ये प्रत्येक बाजूला आठ-आठ मजल्यांचे सहा टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात तिरक्या पोलादी तुळया इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवल्यात. त्या सगळा भार गोळा करून मधल्या खांबाकडे आणतात. फार सुंदर कल्पना आहे. आता तिरका वारा घ्या. त्याचे दोन बाजूंना दोन भाग करा, प्रत्येकी ०.७०७. काही तुळयांमध्ये हे दोन भाग एकमेकांना कापतात आणि ताण शून्यावर येतो. उरलेल्या निम्म्यांमध्ये ते एकत्र होतात: ०.७०७ अधिक ०.७०७, म्हणजे १.४१. म्हणून ४० टक्के जास्त. यात गूढ काही नाही, दुसऱ्या वर्षाच्या पोराला येतं.

गंमत पुढे आहे. तुळईत ४० टक्के ताण वाढला, पण सांध्यातल्या बोल्टवर तो १६० टक्के वाढला. कसा? इमारतीचं स्वतःचं वजन त्या सांध्याला दाबून ठेवत असतं आणि वारा तो सांधा ओढत असतो. बोल्टच्या वाट्याला येते ती दोहोंची वजाबाकी. समजा, वाऱ्याची ओढ १०० आणि वजनाचा दाब ७५. बोल्टला उरले २५. आता ओढ ४० टक्क्यांनी वाढून १४० झाली, वजन मात्र तेवढंच. बोल्टला उरले ६५. पंचवीसचे पासष्ट, म्हणजे १६० टक्के वाढ. वजाबाकीत धोका दडलेला असतो, तो असा. वेल्डिंग असतं तर तो सांधा तुळईइतकाच मजबूत धरता आला असता. बोल्ट किती, हे ठरवणाऱ्यांनी २५ चा हिशेब धरला होता.

आणि लेमेझ्युरिएला हा बदल कळला तो मे १९७८ मध्ये, पिट्सबर्गच्या दुसऱ्या एका कामासाठी वेल्डिंगची चौकशी करताना. म्हणजे ज्याचं डिझाइन त्यालाच बदल सगळ्यात शेवटी कळला. हे मात्र आपल्याकडेही रोज होतं.

---

वाघोडिया_रोड

काका, डोलणं आवरणाऱ्या यंत्राबद्दल पण लिहा ने. मी तर फक्त तैपेई १०१ मनोऱ्यातला गोळा ऐकलाय.

---

कलाभवन_सिव्हिल

तैपेईचा गोळा २००४ चा. सिटीकॉर्पचा त्याच्या कितीतरी आधीचा, अमेरिकेतल्या गगनचुंबी इमारतींत अशा यंत्राच्या पहिल्या वापरांपैकी. माथ्याजवळच्या खोलीत ४०० टन वजनाचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. इमारत एका बाजूला झुकू लागली की ठोकळा जडत्वामुळे मागे राहतो आणि स्प्रिंगांमधून तिला मागे ओढतो. डोलणं जवळजवळ निम्मं होतं. पाळण्याला उलट्या वेळी हात लावल्यासारखं.

मुळात तो बसवला होता वरच्या मजल्यांवरच्या लोकांना मळमळू नये म्हणून, इमारत वाचवण्यासाठी नव्हे. आणि तेलाचे पंप चालतात विजेवर. वादळात वीजच आधी जाते, म्हणून वेल्डिंगच्या काळात तो ठोकळा कसाही करून चालू ठेवायची सोय करावी लागली.

---

सुरसागरकाठी

जावईबापू, तुम्ही न्यूयॉर्कला गेलात, पण ही गोष्ट आपल्या राजवाड्याच्या फाटकावर गाइड रोज सांगतात की!

लक्ष्मी विलासचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. काम सुरू झाल्यावर त्याच्या मनाने घेतलं की आपला हिशेब चुकलाय आणि वाडा कोसळणार. त्यातच त्याचं मन भ्रमलं आणि १८८१ मध्ये तो गेला, आत्महत्या केली असं सांगतात. पुढे रॉबर्ट चिझमने काम पुरं केलं, १८९० मध्ये. आणि वाडा उभा आहे. २००१ चा भूकंपही बघून झाला त्याचा.

कोल्हापूरकर मंडळींसाठी: तुमचा न्यू पॅलेस पण मँटचाच, १८८४ चा. तोही हलला नाही.

---

भाऊ_पुण्याहून

शियाबागेतलं बालपण आठवलं. आमचे आजोबा ही मँटची गोष्ट सांगताना दरवेळी वाड्याचा एखादा मजला वाढवायचे.

मला मात्र मँट आणि लेमेझ्युरिए एका तागडीत टाकावेसे वाटत नाहीत. मँटची भीती खोटी होती आणि त्याला सांगायला कुणी नव्हतं. लेमेझ्युरिएनेही पुढे कबूल केलं की गप्प बसणं आणि जीव देणं हे दोन्ही विचार मनात येऊन गेले होते. पण तो कॅनडात वाऱ्याचे तज्ज्ञ अ‍ॅलन डेव्हनपोर्ट यांच्याकडे गेला, आकडे पुन्हा तपासून घेतले, मग वकील, विमा कंपनी, स्टबिन्स आणि शेवटी थेट बँकेचे अध्यक्ष वॉल्टर रिस्टन. शंका चार जाणत्यांसमोर ठेवायची पद्धत त्याच्या व्यवसायात होती. मेजरसाहेबाला १८८१ च्या हिंदुस्थानात असा कोण मिळणार होता?

---

निवृत्त_पासबुक

मी बँकेत आयुष्य काढलं. बँकेच्या बाजूने चार शब्द लिहितो, जावईबापूंना आवडणार नाहीत.

बँकेची इमारत नुसती कचेरी नसते. आपल्या बडोद्याच्या बँकेचंच घ्या. २० जुलै १९०८ ला सयाजीरावांनी १० लाखांच्या भांडवलावर ती काढली. १९१३ ते १९१७ या काळात देशात बँका पटापट बुडत होत्या, त्यात ही टिकली. लोकांनी पैसे ठेवले ते महाराजांच्या नावावर. पुढे १९१९ मध्ये बँक मुंबईला पोचली, १९५३ मध्ये मोंबासा आणि कंपालाला. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. कारभार मुंबईला गेला, आज बांद्रा-कुर्ल्याच्या काचेच्या इमारतींतून चालतो, तरी कागदांवर मुख्य कार्यालय म्हणून 'मांडवी, बडोदा' छापायचे. त्या दोन शब्दांना वजन होतं.

१९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बंद पडली, तेव्हा दुसऱ्या धडधाकट बँकांच्या दारातही रांगा लागल्या होत्या. त्यानंतरच १९६२ मध्ये आपल्याकडे ठेवींचा विमा आला. 'सिटी बँकेची इमारत पडणार' एवढंच वाक्य बाहेर गेलं असतं, तर ठेवीदारांनी बोल्ट आणि बँक यांत फरक केला असता असं वाटतं तुम्हाला? रिस्टननी ऐकून घेतलं, भांडत बसले नाहीत, दुरुस्तीला लगेच हो म्हणाले. माझ्या मते ते मोठं काम. बोभाटा झाला असता तर वेल्डरला आत शिरायला वाटच मिळाली नसती.

---

मांडवीचा_जावई

@निवृत्त_पासबुक काका, ठेवीदारांचं पटलं. पण ठेवीदार आणि इमारतीखालून जाणारा माणूस हे दोन वेगळे. ठेवीदाराचे पैसे गेले तर विमा आहे.

आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला काय झालं ते बघा. काम अर्ध्यावर असताना एला नावाचं चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या दिशेने निघालं. रेडक्रॉसला हाताशी धरून आजूबाजूचे रस्ते रिकामे करायची योजना गुपचूप तयार होती. शहराच्या अधिकाऱ्यांना माहीत, रेडक्रॉसला माहीत, हवामानाचे तज्ज्ञ दिवसरात्र बसलेले. नकाशावरच्या ज्या घरांना हलवायचं, फक्त त्यांनाच पत्ता नाही. वादळ समुद्राकडे वळलं हे नशीब.

वर्तमानपत्रांना सांगितलं काय, तर नव्या आकडेवारीनुसार थोडी मजबुती वाढवतोय, धोका काही नाही. आणि १० ऑगस्टपासून न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं संपावर गेली, ती थेट नोव्हेंबरपर्यंत. विचारणाराच राहिला नाही.

---

निवृत्त_पासबुक

संप बँकेने घडवला नव्हता.

---

मांडवीचा_जावई

नाही. फायदा झाला एवढंच म्हणतोय. आणि संप मिटल्यावर, सगळं दुरुस्त होऊन इमारत भक्कम झाल्यावर सांगायला काय हरकत होती? १९७९ मध्ये? १९८० मध्ये? तेव्हा ना ठेवीदार पळणार होता, ना वेल्डर अडणार होता. तिथे तुमचं कारण संपतं, काका.

---

निवृत्त_पासबुक

ते खरं. १९७९ नंतरच्या गप्प बसण्याला माझ्याकडे उत्तर नाही. विम्याची तडजोड, वकिलांचे सल्ले, आणि एकदा गप्प बसलं की बोलणं रोज जड होत जातं. फाइल बंद झाली की ती कोण उघडतो?

---

दांडियाबाजारची_मी

पण आधी शंका काढली कुणी? कुठल्या विद्यार्थिनीचं नाव ऐकलंय.

---

कलाभवन_सिव्हिल

डायान हार्टली. १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत होती आणि प्रबंधासाठी हीच इमारत घेतली होती. तिने तिरक्या वाऱ्याचा हिशेब केला, तो जास्त आला, म्हणून लेमेझ्युरिएच्या कार्यालयात विचारलं. तिथल्या एका कनिष्ठ इंजिनिअरने सांगितलं, इमारत त्याहून मजबूत आहे. तिने ते लिहून घेतलं आणि प्रबंध सादर केला. मग गोष्ट जगजाहीर झाल्यावर तिला कळलं की आपला प्रश्न किती खोल होता. लेमेझ्युरिए सांगायचे की न्यू जर्सीच्या एका विद्यार्थ्याच्या फोनमुळे मी पुन्हा हिशेबाला बसलो. तो विद्यार्थी कोण यावर बरीच वर्षं तर्क चालले, आणि २०११ मध्ये ली डीकॅरोलिस नावाचे गृहस्थ पुढे आले की तो फोन माझा. तोवर लेमेझ्युरिए नव्हते, ते २००७ मध्ये गेले.

मला यात सलतं ते वेगळं. मुलीने योग्य प्रश्न विचारला, तिला 'सगळं ठीक आहे' असं उत्तर मिळालं, आणि तिचं नाव गोष्टीत यायला किती वर्षं गेली. मी शिकवायचो तेव्हा पोरं असले प्रश्न विचारायची. सगळ्यांना उत्तर द्यायला आपल्याकडेही वेळ नसतो, हे आतून माहीत आहे.

अजून एक, गोष्टीची फोडणी बिघडवणारं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आजच्या पद्धतीने या इमारतीवरचा वारा पुन्हा तपासला. त्यांचा निष्कर्ष: तिरका वारा समोरून येणाऱ्या वाऱ्याहून घातक नव्हताच. वर मी ०.७०७ ची बेरीज केली, ती कागदावर बरोबरच आहे. पण प्रत्यक्षात तिरका वारा बाजूंवर तेवढा जोर लावतच नाही. ताई, तुम्ही वर म्हणालात ना, निसटून जाईल असं वाटतं म्हणून? तुमचं नाक बरोबर होतं.

---

वाघोडिया_रोड

अरे बापरे! म्हणजे सगळं वेल्डिंग फुकट?? मँटसारखंच झालं की हे!

---

कलाभवन_सिव्हिल

फुकट म्हणू नका. १९७८ मध्ये हाताशी जे ज्ञान होतं, त्यावर तोच निर्णय योग्य होता. आणि बोल्टचा बदल मूळ आराखडा करणाऱ्याला न कळता होणं, हे वारा कुठल्याही दिशेचा असला तरी चूकच. आपल्याकडे वाऱ्याच्या भाराच्या संहितेत बडोद्याला सेकंदाला ४४ मीटर वेग धरायला सांगितलाय, अहमदाबादला ३९. मुंबईलाही ४४ च. समुद्र दिसत नाही म्हणून इथले बिल्डर हे हसण्यावारी नेतात.

---

सुरसागरकाठी

त्या इमारतीचं आता काय? अजून बँकेचीच आहे का?

---

भाऊ_पुण्याहून

१९८७ मध्ये बँकेने बराचसा हिस्सा जपानच्या एका विमा कंपनीला विकला, २००१ मध्ये ती बॉस्टन प्रॉपर्टीजने घेतली. आता नाव नुसतं '६०१ लेक्झिंग्टन'. बँकेचं नाव पाटीवरून गेलं. २०१६ मध्ये शहराने वारसा इमारत म्हणून जाहीर केली, बांधून चाळीस वर्षं व्हायच्या आत. चर्च मात्र आपल्या कोपऱ्यावर तस्संच, जॅझच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध. अट घालणारे टिकले बघा.

---

वाघोडिया_रोड

खांबांवर उभी इमारत म्हटलं की आम्हाला २६ जानेवारी २००१ आठवतो. मी तेव्हा अहमदाबादला मामाकडे होतो. भूजपासून जवळजवळ तीनशे किलोमीटर लांब, तरी फ्लॅट पडले. खाली मोकळं पार्किंग, वर भिंतीच भिंती. शेजारची बिल्डिंग वरून तशीच्या तशी, फक्त एक मजला कमी दिसत होती. तो कमी झालेला मजला म्हणजे पार्किंग. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

---

कलाभवन_सिव्हिल

बरोबर. पण एक भेद ध्यानात ठेवा. सिटीकॉर्पचे पाय विचार करून दिलेले, प्रचंड. आपल्याकडचं पार्किंग म्हणजे वरच्याच मजल्याचे खांब खाली आणून फक्त भिंती काढून टाकलेल्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा लवचिक. जमीन हलली की सगळं वाकणं त्या एकाच मजल्याच्या वाट्याला. भूकंपानंतर २००२ मध्ये भूकंपरोधक संहिता सुधारली, आणि असा मोकळा मजला असेल तर तिथले खांब आणि तुळया अडीच पट जोर धरून करा, असं त्यात आलं. त्याआधीच्या इमारतींना हे लागू नव्हतं, आणि त्या अजून उभ्या आहेत, माणसं राहताहेत.

---

दांडियाबाजारची_मी

काका, आता खरं विचारते. आमची सोसायटी १९९६ ची. कमिटीला पार्किंगमधली एक भिंत पाडून दोन गाड्यांची जागा करायची आहे. विटांची भिंत आहे, 'भार घेणारी नाही' असं ठेकेदार म्हणतो. पुढच्या रविवारी मिटिंग.

---

कलाभवन_सिव्हिल

हात लावू देऊ नका. वरच्या भाराच्या हिशेबात ती भिंत नसेलही, पण भूकंपात खालचा मजला जो काही ताठ आहे, तो अशाच दोन-चार भिंतींमुळे. १९९६ ची आहे म्हटल्यावर तर मुळीच नाही. ठेकेदाराचं मत लेखी मागा, तो देणार नाही. मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग शोधा आणि बाहेरचा इंजिनिअर बोलवा, बिल्डरच्या ओळखीतला नको. खांबांना जाकीट घालता येतं, म्हणजे भोवती नवी सळई आणि काँक्रीट. खर्च आहे, पण होतं.

---

मांडवीचा_जावई

आणि मिटिंगची नोटीस बोर्डावर लावा. भाडेकरूंनाही कळू दे. नाहीतर पुन्हा तेच.

---

दांडियाबाजारची_मी

ड्रॉइंग सेक्रेटरींच्या कपाटात आहे म्हणतात. ते मुलाकडे कॅनडाला गेलेत, किल्ली सोबत. व्हॉट्सअ‍ॅप टाकलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

---

निवृत्त_पासबुक

ताई, तुमच्या शेजारच्या सोसायटीत आमचे जुने हेड कॅशियर राहतात, सेक्रेटरींचे साडू. मी आज संध्याकाळी त्यांना गाठतो.